तक्रार आहे, ब्रेकअप नाही!

आमच्या विंगमध्ये एखादीने फोन ठेवून तोंड पाडलं की निकाल दोन मिनिटांत लागतो. “सोड त्याला!” पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही, समोरच्या पार्टीला बोलवायचा तर प्रश्नच नाही. व्हायवाला एक्स्टर्नलसुद्धा आपल्याला याच्यापेक्षा जास्त वेळ देतात! आणि हीच मुलगी घरी जाऊन चुकून मावशीला वगैरे बोलली, तर तिथलं कोर्ट वेगळं. तिथे निकाल आधीच टाइप करून ठेवलेला असतो : “अगं, अ‍ॅडजस्ट करायचं असतं.”

म्हणजे एक तर सोडा, नाहीतर गप्प बसा. या दोन्हींच्या मधे काही असतं का, हा माझा आजचा विषय. विषय पर्सनल आहे, त्यामुळे संपादकांनी दोनदा विचारलं, “नक्की छापायचं ना?” म्हटलं छापा. नाहीतरी अर्ध्या हॉस्टेलला माहीत आहे, उरलेल्या अर्ध्याला निदान बरोबर माहीत होऊ दे.

मी गव्हाणची. पनवेल तालुका. गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून आजकाल मी “नवीन एअरपोर्टच्या बाजूला” असं सांगते. (त्याआधी “उलव्याच्या पुढे” सांगायचे आणि पप्पा त्यांच्या काळात “न्हावा-शेव्याच्या अलीकडे” सांगायचे. आमच्या गावाची ओळख कायम शेजाऱ्यावरून!) शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड असायचा आणि तो गोळा करायला मॉनिटर म्हणून मलाच ठेवलं होतं. घरी आजीशी आगरी, पप्पांशी मराठी, शाळेत इंग्लिश. त्यामुळे माझी कुठलीच भाषा धड नाही. या लेखात चुका दिसल्या तर प्रत्येकी दोन रुपये लावा.

आता ‘तो’. नाव देत नाही. त्याला विचारलं होतं, नाव टाकू का? म्हणाला, “फोटोपण टाक.” असा आहे तो.

आमची दहावीची बॅच २०२१ ची, म्हणजे जिची बोर्डाची परीक्षाच झाली नाही ती. क्लास ऑनलाइन होता आणि हा मुलगा म्यूट करायला विसरल्याचं नाटक करून सरांची नक्कल करायचा. मी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, चेहरा नंतर पाहिला. पुढच्या वर्षी आमचं जमलं. आज चार वर्षं झाली. मधल्या काळात तो मेकॅनिकल डिप्लोमा झाला (दोन केट्या काढून), आणि आता पोर्टच्या बाजूच्या एका कंटेनर यार्डात शिफ्टला जातो. पण गावात कुणी त्याची ओळख अशी करून देत नाही. गावात तो बॅट्समन आहे. आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेट म्हणजे काय प्रकरण आहे हे इथे सांगून कळायचं नाही. रात्रीचे लाइट, आगरीत कॉमेंट्री, यूट्यूबवर लाइव्ह, बक्षिसाला बाइक. त्याने सिक्स मारला की अख्खं मैदान त्याचं नाव घेतं. तो बोलायला लागला की माणसं चहा थंड करून बसतात. सगळ्यांचा लाडका.

आणि त्या लाडक्याचे फॉर्म कोण भरतं? मी. डिप्लोमाच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म मी भरला. केटीचे फॉर्म मी भरले, लेट फीची तारीख मी लक्षात ठेवली. पी.एफ.साठी आधार लिंक करायचं होतं, तेही इथे हॉस्टेलवरून, ओ.टी.पी. त्याच्या फोनवर आणि तो ग्राउंडवर! त्याच्या आईचा वाढदिवससुद्धा मीच त्याला आदल्या दिवशी सांगते. त्याच्या आईला वाटतं पोरगा किती लक्षात ठेवतो.

चांगलंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. मी इथून रात्रीच्या एस.टी.ने निघाले की पहाटे चार-साडेचारला पनवेल स्टँडला उतरते. तीन वर्षं झाली, स्टँडवर तो नाही असं एकदाही झालेलं नाही. पावसात नाही, शिफ्टवरून आला तरी नाही. मॅचला पॅडल्यासारखा तयार उभा! १२ जानेवारी २०२४ ला खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतची लोकल सुरू झाली (त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं), तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं उगाच उरणला जाऊन आलो. उरणला काही काम नव्हतं. खिडकीतून खाडी, तिवरं, कंटेनरचे डोंगर. त्याने अख्ख्या रस्त्यात एकही जोक मारला नाही. एवढंच म्हणाला, “आपल्या गावात ट्रेन आली ना?” चार वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस कुठला असं विचारलंत तर मी तो सांगेन. काहीच घडलं नव्हतं त्या दिवशी.

मग गेला डिसेंबर आला. माझं सबमिशन चालू. दुपारी आईचा फोन, रडत. आजी मोरीत घसरून पडली, उठता येत नाही. पप्पा ड्यूटीवर. मी इथे एवढ्या लांब, आणि तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी त्याला अकरा फोन केले. अकरा. फोन किट बॅगमध्ये होता आणि साहेब फायनल खेळत होते. शेवटी शेजारच्या काकांनी गाडी काढली. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी रात्रीच्या गाडीने निघाले आणि त्या एकाच पहाटे स्टँडवर कुणी नको असं मला वाटत होतं.

(तो उभा होता. मी रिक्षाने गेले.)

तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात आला. पाच मिनिटांत त्याने वॉर्ड हातात घेतला. डॉक्टरांची नक्कल, वॉर्डबॉयची नक्कल, आजी मोरीत कशी पडली असेल त्याची धावती कॉमेंट्री. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे पुसत हसत होती. टाके घातलेली माझी आजी त्याला म्हणत होती, “नको रं हसवू, दुखतंय.” सिस्टर म्हणाल्या, “रोज येत जा.” आणि मी कोपऱ्यात उभी. हातात फाइल, त्यात औषधांच्या पावत्या, मेडिक्लेमचे कागद, एक्स-रे. सगळा वॉर्ड त्याच्यावर खूश होता आणि मला तो इतका नकोसा कधीच झाला नव्हता. भांडायचीसुद्धा सोय नव्हती. एवढ्या लोकांना हसवणाऱ्या माणसाबद्दल तक्रार केली की तुम्हीच खडूस दिसता.

जानेवारीत परत आले. विंगचा निकाल तयार होताच. मी जवळजवळ मानलाही होता. त्या आठवड्यात रीडिंग हॉलमध्ये जागा नव्हती म्हणून लायब्ररीत मराठीच्या कपाटाजवळ बसले होते आणि समोर सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ दिसलं. आडनावावरून उचललं. पु.ल. मला माहीत होते ते पप्पांच्या गाडीतून. पेणच्या रस्त्याला लागलो की ‘म्हैस’ लागायची, ट्रॅफिक असेल तर ‘अंतू बर्वा’सुद्धा व्हायचा. माझं निम्मं मराठी तिथून आलेलं आहे. त्यांची बायकोपण लिहायची हे मला माहीत नव्हतं. ही कॉन्व्हेंटची चूक नाही, माझीच.

दोन रात्रीत वाचलं. आणि ओळखलं. हॉस्पिटलच्या कोपऱ्यात फाइल धरून उभी असलेली बाई या पुस्तकात आहे! फक्त वॉर्डच्या जागी अख्खा महाराष्ट्र आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुनीता ठाकूर मूळच्या रत्नागिरीच्या. १९४२ च्या चळवळीत उतरलेली मुलगी. १२ जून १९४६ ला त्यांचं पु.लं.शी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. पुढे पु.ल. काय झाले ते सांगायला नको. नाटकं, सिनेमे, आकाशवाणी, दूरदर्शन, ‘बटाट्याची चाळ’, ‘वाऱ्यावरची वरात’. या सगळ्यामागे जो कारभार होता तो सुनीताबाईंचा. पैशाचे व्यवहार, पुस्तकांची प्रुफं, प्रयोगांची व्यवस्था, आल्यागेल्याचं, घरातलं. गाडीसुद्धा त्याच चालवायच्या. भाई (पु.लं.ना घरचे भाई म्हणायचे) विसराळू, व्यवहारात लक्ष नाही, घरातल्या कामात लक्ष नाही, आणि माणसांत इतका रमलेला की घरी थांबलेल्या माणसाचं काय, हे डोक्यातच येत नाही. हे सगळं त्यांनी १९९० साली छापून टाकलं. मौजेने पुस्तक काढलं. आणि लक्षात घ्या, पु.ल. तेव्हा हयात होते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. म्हणजे देशाने ज्या वर्षी त्यांना सन्मान दिला त्याच वर्षी बायकोने हिशेब दिला.

त्या वेळी या पुस्तकावरून बरीच चर्चा झाली, वाद झाले. लोकांना राग आला. ज्या माणसाने आपल्याला एवढं हसवलं त्याच्याबद्दल असं कसं लिहिते ही बाई? मी तो राग समजू शकते, कारण तो वॉर्ड मी पाहिला आहे. पण रागावलेल्यांनी पुस्तक नीट वाचलं होतं का, अशी मला शंका आहे. कारण त्यात बाई स्वतःलाही सोडत नाहीत. आपला हट्टीपणा, आपला कडकपणा, आपल्याला सगळं परफेक्ट लागतं हा रोग, सगळं मांडतात. नवऱ्याला झोडपणारं पुस्तक असतं तर मी अर्ध्यात बंद केलं असतं. तसल्या पोस्ट इन्स्टावर रोज वाचायला मिळतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या बाईच्या एवढ्या तक्रारी होत्या, ती याच माणसाबरोबर स्टेजवर बसून बा. भ. बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांचे कार्यक्रम करत होती. लग्नाला पस्तीस-चाळीस वर्षं झालेलं जोडपं कविता वाचतंय आणि लोक तिकीट काढून ऐकतायत! १९६५ मध्ये दोघांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशन काढलं आणि कमाई त्यातून वाटली. डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांचं पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभं राहिलं ते यांच्या मदतीने. आपल्यातले जे अ‍ॅस्ट्रोवाले आयुकाच्या ट्रिपला जाऊन आले, त्यांनी तिथलं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र ‘पुलस्त्य’ बघितलं असेल. ते पु.लं.च्या स्मृतीसाठी सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून झालं. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला एक तारा, आणि नावात पु.ल. बसलेले. तक्रार करणारी बाई यासाठी देणगी देते, याला काय म्हणायचं?

पु.ल. गेले ते १२ जून २००० ला. तारीख परत वाचा. लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस. शेवटच्या आजारपणाच्या काळातही त्यांना सांभाळायला याच होत्या. सुनीताबाई २००९ मध्ये गेल्या.

तर माझं म्हणणं असं आहे. आपण समजतो की नात्यात ‘लो’ म्हणजे भांडण आणि ‘हाय’ म्हणजे सरप्राइज, केक, ट्रेक, डीपी. मला आता वाटतं की भांडण हा ‘लो’ नाहीच. डिसेंबरमध्ये मी कोपऱ्यात उभी राहून काहीही बोलत नव्हते, आणि परत आल्यावर वीस दिवस “हो”, “ठीक”, “जेवले” एवढेच मेसेज पाठवत होते, तो लो होता. त्या वीस दिवसांत आमचं एकही भांडण झालं नाही.

मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण सिव्हिल आणि कॉम्प्युटरच्या जनतेसाठी सांगते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे अ‍ॅक्सल अचानक तुटायचे. लोड तर लिमिटच्या आतला, मग तुटतात कसे? व्होलर नावाच्या जर्मन इंजिनिअरने वर्षानुवर्षं टेस्ट करून दाखवलं की एका मोठ्या लोडने नाही, छोटाच लोड लाखो वेळा येत-जात राहिला की मटेरियल थकतं. त्याला आपण फटीग म्हणतो. आत बारीक चीर पडते, बाहेरून शाफ्ट चकचकीत. म्हणून मशीनशॉपमध्ये आपण काय करतो? पार्टवर रंग लावतो, पुसतो, डेव्हलपर मारतो, मग जिथे चीर आहे तिथे लाल रेघ उमटते. डाय पेनिट्रंट टेस्ट. लाल रेघ दिसली म्हणून कुणी रंगाला शिव्या देत नाही. आणि रेघ दिसल्या दिसल्या पार्ट भंगारातही टाकत नाही. आधी चीर किती खोल आहे ते बघतात. आपल्याकडे मात्र तक्रार करणारी मुलगी म्हणजे ‘टॉक्सिक’ आणि तक्रार ऐकून घेणारा मुलगा म्हणजे ‘जोरू का गुलाम’. असो.

हे सगळं मी रूमवर ऐकवलं तेव्हा माझी कोल्हापूरची रूममेट उसळली. तिचा मुद्दा मी इथे प्रामाणिकपणे देते कारण तो खोटा नाही. ती म्हणाली, “म्हणजे चोपन्न वर्षं तिनेच सगळं केलं आणि वर एक पुस्तक लिहून मोकळी झाली. त्यात तू खूश? बदललं काय? आमच्या आजीनेपण राहून दाखवलंय की. जायला जागा नव्हती म्हणून राहिली. त्याला लाँग टर्म रिलेशनशिप म्हणायचं?”

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सुनीताबाई जायला जागा नव्हती म्हणून राहिल्या नाहीत एवढं त्यांचं पुस्तक वाचणाऱ्याला कळतं. ती बाई उद्या सकाळी बॅग भरून निघाली असती आणि कुणाला पत्ताही दिला नसता. पण सगळ्यांचं तसं नसतं हे खरं. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ज्युनिअर मुली हे वाचतील. जिथे तो पासवर्ड मागतो, कुणाशी बोलायचं ते ठरवतो, हात उचलतो, किंवा “मी जिवाचं काहीतरी करून घेईन” म्हणतो, तिथे तक्रार-बिक्रार काही नाही. तिथे विंगचाच निकाल बरोबर, आणि सरळ रेक्टर मॅडमकडे जा. मी बोलतेय ते विसराळू, आळशी, लाडावलेल्या, पण आपल्याला ज्याची भीती वाटत नाही अशा माणसाबद्दल.

नेमकं त्याच दिवशी, कॉन्व्हेंटमधला एक उपयोग आठवला. आमच्या एका सिस्टरनी आम्हाला लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली होती. नवरा कवी, रेव्हरंड ना. वा. टिळक. डोक्यात आलं की उठून निघून जाणारा, घरातलं कुणालाही देऊन टाकणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला. बायको कर्मठ ब्राह्मण घरातली. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. मग ती त्याच्याकडे आली, पण आली तरी आपल्या धर्मासकट आली, सोवळ्याओवळ्यासकट आली. विचार करून करून, स्वतःचा स्वतः पटल्यावर १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होतं. ते तिने पूर्ण केलं! आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्याच नवऱ्याचा तापटपणा, विक्षिप्तपणा असा लिहिला की वाचणारा हसून लोळतो. सिस्टरनी हे धर्माची गोष्ट म्हणून सांगितलं होतं. मला आता ती नवरा-बायकोची गोष्ट वाटते.

पण खरं सांगायचं तर मला सुनीताबाई आणि लक्ष्मीबाई नीट कळल्या त्या आजीमुळे. फेब्रुवारीत दोन दिवस घरी गेले होते. आजी आता वॉकर धरून ओटीपर्यंत येते. आजोबा तिच्या शेजारी खुर्चीत. आणि आजी आजोबांना बोलत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात, नेहमीसारखी. विषय कुठला? १९८४ चा!

आमच्याकडे १९८४ म्हणजे जासईचं आंदोलन. सिडकोने जमिनी घेतल्या त्याच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारीला लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना झाली ती त्या रक्तावर. माझे आजोबा त्या मोर्च्यात होते, आणि दरवर्षी सोळा जानेवारीला ते छाती काढून सांगतात. आजीचं त्याच्यावर म्हणणं एवढंच, “आमी घरान न् यो मोर्चान.” घरात दोन लहान पोरं, बाहेर पोलीस, चार दिवस माणसाचा पत्ता नाही. मोर्च्यात होते त्यांचे सत्कार झाले. साडेबारा टक्क्यांचे कागद पत्र्याच्या पेटीत एवढी वर्षं कुणी जपले, उंदरांपासून आणि मोठ्या काकांपासून कुणी वाचवले, त्याचा सत्कार नाही. प्लॉट आजोबांच्या नावावर.

आजोबा ऐकत होते. चाळीस वर्षं ऐकतायत. आजी थांबल्यावर म्हणाले, “झाला का? आता चाय दे.” आणि मग जीभ चावली, कारण चहा द्यायला आता आजी उठू शकत नाही. स्वतः उठले, आत गेले, बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. चहा अगदीच पाणचट होता. आजीने त्याच्यावरूनही ऐकवलं.

मी आजीला विचारलं, “तू एवढं बोलतेस, कंटाळा नाही येत?” तर म्हणते, “बाय, तोंड बंद झाला का समज, मानूस गेला.” मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघून, “याचा किरकेट न् तुज्या आज्याचा मोर्चा सारकाच. सांगितलास का त्याला?”

नव्हतं सांगितलं! ‘सोड’ आणि ‘अ‍ॅडजस्ट कर’ या दोन कोर्टांच्या नादात, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला तक्रार सांगायची राहून गेली होती.

त्याच संध्याकाळी सांगितली. खाडीकडच्या बांधावर, डोक्यावरून विमानं जात होती म्हणून ओरडून सांगावी लागली. मी जर्नलच्या पानावर दोन कॉलम करून नेले होते. डावीकडे मी केलेलं, उजवीकडे त्याने केलेलं. डावीकडे सत्तावीस गोष्टी. उजवीकडे ‘पनवेल स्टँड’ आणि ‘उरणची ट्रेन’. त्याने वाचलं. आधी जोक मारायचा प्रयत्न केला. मी हसले नाही. मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि तो गप्प बसलेला मी चार वर्षांत दुसऱ्यांदा पाहिला. शेवटी म्हणाला, “अकरा फोन मी मोजले होते. रात्री बघितले तेव्हाच. मला यायची लाज वाटली म्हणून तिसऱ्या दिवशी आलो.” मग पुन्हा थोड्या वेळाने, “आणि डावीकडे दोन गोष्टी चुकीच्या आहेत. लायसनचा फॉर्म मी भरला होता.” बरोबर होतं. तेवढा कापला. पंचवीस... नाही, सव्वीस. दुसरी अजून वादात आहे.

पुढे काय होईल मला माहीत नाही. वीस वर्षांच्या मुलीने चोपन्न वर्षांच्या गप्पा मारू नयेत हेही कळतं. या महिन्यात त्याने पी.एफ.चं नॉमिनेशन स्वतः भरलं, जन्मतारीख चुकवली, रिजेक्ट झालं, परत भरलं. मी मदत केली नाही. फार त्रास झाला मला न करताना.

एक मागणी मात्र आहे, स्टाफ वाचतो म्हणून. हॉस्टेलच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये ‘नाते’ असा कॉलम आहे. तो मागे एकदा मला पुस्तकं द्यायला आला होता, तेव्हा त्याने तिथे ‘भाऊ’ लिहिलं. वॉचमन काकांनी काही न बोलता ‘चुलत’ जोडलं. रेक्टर मॅडम, त्या कॉलममध्ये ‘मित्र’ चालेल एवढं एकदा नोटीस बोर्डावर लावा. करिअर, रॅगिंग, ड्रग्ज, सगळ्यावर गेस्ट लेक्चर होतं. चार वर्षं एका माणसाबरोबर कसं निभवायचं यावर आम्हाला रात्री दोन वाजता विंगमधल्या तीन सिंगल मुली सल्ला देतात.

आणि ग्रंथपाल काका, ‘आहे मनोहर तरी’ची रिटर्न डेट उलटून गेली आहे हे मला माहीत आहे. पुस्तक गव्हाणला आहे. तो यार्डात नाइट शिफ्टला वाचतो, दिवसाला तीन-चार पानं. परवा फोनवर विचारत होता, “गाडी बाईच चालवायच्या? मग हे बाजूला बसून काय करायचे?” अजून बरंच बाकी आहे. दंड रोज एक रुपया चढतोय. कार्ड माझं आहे, पण पावती त्याच्या नावाने फाडा.